सातबारा नसलेल्यांकडून कुलगुरूंना

प्रति,
मा. कुलगुरू,
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ,
परभणी.

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे येणारी बहुतेक पत्रं सातबारावाल्यांची असणार. आमच्याकडे सातबारा नाही, विहीर नाही, बैलबारदाना नाही. लातूरच्या एका वसाहतीत गच्चीवर, जिन्यात, खिडकीच्या जाळीत आणि गेटाशेजारच्या हातभर जागेत भाजी लावणारी आम्ही काही घरं आहोत. आमच्यात कुणी शाळेत शिकवतं, कुणी मोंढ्यात हिशेब लिहितं, कुणी दिवसभर शिलाई मशीनवर बसतं. रासायनिक फवारणी न केलेली थोडी तरी भाजी पोराबाळांच्या पोटात जावी, एवढाच सगळ्यांचा हेतू.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र वाचायला सोपं जाईल. मराठवाड्याच्या उन्हात, मराठवाड्याच्या पाण्यावर, कुंडीत सेंद्रिय भाजी कशी पिकवायची हे आम्हा शहरातल्या लोकांना मराठवाड्याच्या विद्यापीठाने शिकवावं.

सध्या आम्हाला मोबाईल शिकवतो. त्यात शिकवणारे पुण्याचे, मुंबईचे, बंगळुरूचे नाहीतर केरळचे. माणसं तळमळीची आहेत, पण त्यांचं हवामान त्यांच्यापाशी. ओल्या कचऱ्याच्या खताचंच घ्या. तिकडे ड्रमला वास सुटतो, चिलटं होतात, म्हणून "कोरडा पाला घाला" हा सल्ला. आमच्याकडे एप्रिलमध्ये ड्रमातल्या केळीच्या साली वाळून चामड्यासारख्या होतात आणि कुजायचंच थांबतं. वास घालवायचा उपाय आम्हाला काय कामाचा? ओल कशी धरून ठेवायची ते कुणीतरी सांगा.

टोमॅटोचंही तेच. होळीच्या सुमारास हौसेने लावलेलं रोप एप्रिलात फुलांनी भरून जातं आणि मग सगळी फुलं देठातून गळतात. दुकानदार फुलगळीचं औषध हातात ठेवतो. दिवसा पारा ४० च्या वर आणि रात्रीही हवा तापलेली असली की परागकण नीट तयार होत नाहीत आणि फळ धरत नाही, हे आपल्याकडच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असेल. आम्हाला ते कुणी सांगत नाही. "फेब्रुवारीनंतर टोमॅटोच्या नादी लागू नका" एवढं एक वाक्य वेळेवर कानावर पडलं असतं, तर आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणांनी पहिल्याच उन्हाळ्यानंतर कुंड्या भंगारवाल्याला दिल्या नसत्या.

आता पाणी. लातूरकरांनी पाण्याविषयी बोलायला लागलं की थांबणं अवघड असतं, तरी थोडं बोलतेच. २०१६ साली धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात कुंडीला तांब्याभर पाणी घालणाऱ्याकडेही लोक रागाने बघायचे, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. आजही आमच्याकडे कुणी गच्चीवरची भाजी दाखवायला नेलं की पाहुणा आधी विचारतो, "पाणी कुठलं घालता?"

घरातलं दुसऱ्यांदा वापरता येईल असं पाणी बरंच असतं. पण सगळंच झाडाच्या कामाचं नसतं, आणि इथेच आम्हाला शिकवणाऱ्याची गरज आहे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी उत्तम. आरओ मशीनच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी मात्र मूळ बोअरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षारांचं असतं, कारण गाळून काढलेले क्षार त्यातच येतात. घरोघरी लोक "वाया कशाला घालवायचं" म्हणून तेच कुंडीला घालतात. त्याहून वाईट कूलरचं. मराठवाड्यात मार्च ते जून कूलर नाही असं घर शोधावं लागेल. त्याच्या टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार खाली राहतात, आपण वरून पुन्हा बोअरचं पाणी ओततो. मे संपता संपता टाकीच्या तळाला आणि गवताच्या जाळीला पांढरी खपली धरलेली असते. टाकी धुवायच्या दिवशी ते सगळं पाणी कढीपत्त्याच्या बुडात जातं. मग कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो, नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. दुकानदार म्हणतो, "खत कमी पडलंय, ताई." आपल्या विद्यापीठात हे पान कुणालाही दाखवलं तर तो न थांबता सांगेल की चुन्यामुळे लोह अडकलंय. चुनखडीच्या जमिनीत आणि जड पाण्यावर भुईमूग, सोयाबीन, मोसंबी अशी पिवळी पडताना आपल्या लोकांनी किती वर्षं पाहिलीत! ते ज्ञान शेताच्या बांधापर्यंत आलं. आमच्या जिन्यापर्यंत यायला काय हरकत आहे?

पावसाचं पाणी हा यावरचा सरळ उपाय. आमच्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १००० चौरस फुटांच्या गच्चीवर ६५ हजार लिटर पाणी पडतं. सगळं कुणीच साठवू शकत नाही. पण २००० लिटरची एक टाकी भरली, तरी ३० कुंड्यांना रोज दीड-दीड लिटर देऊन दीड महिना निघतो. शिवाय जून-जुलैत कुंड्या उघड्यावर ठेवून खालच्या भोकातून पाणी वाहून जाऊ दिलं की वर्षभराचे क्षार धुऊन जातात. आमच्याकडे उलट चालतं. पाऊस सुरू झाला की लोक "झाडं सडतील" म्हणून कुंड्या पत्र्याखाली ओढतात.

एका गोष्टीचा तर आपण प्रयोगच करून पाहावा अशी विनंती आहे. संक्रांत झाली की घरोघरी सुगडं रिकामी पडतात. रंग न दिलेलं सुगड मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचं, त्यात पाणी भरायचं, वर पणती उपडी घालायची. मातीतून पाणी झिरपत राहतं आणि मुळं सुगडाला बिलगतात. मटका सिंचन म्हणून ही पद्धत जुनीच आहे. पण केवढ्या कुंडीला केवढं सुगड, मेमध्ये ते किती दिवस पुरतं, जड पाण्याने त्याची छिद्रं कधी बुजतात, हे मोजून सांगणारं इथे कुणी नाही. मोजमाप हे विद्यापीठाचं काम. आमच्याकडे मोजायला फक्त तांब्या आहे.

मातीकडे वळते. आमची काळी माती शेतात सोनं असेल, कुंडीत ती डोकेदुखी आहे. सुकली की आक्रसते, कडेने भेग पडते आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून थेट खाली जाऊन शेजाऱ्यांच्या भिंतीवर उतरतं. (भांडणं यावरून होतात, भाजीवरून नाही.) त्यात वजन. गच्चीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो वापराचा भार धरून बांधतात. ओल्या काळ्या मातीचा आठ इंचांचा थर दर चौरस मीटरला ३५० किलोच्या आसपास जातो. तरीही विटा रचून, प्लास्टिक अंथरून स्लॅबवर थेट वाफे करायला सांगणारे भेटतात. इमारत जुनी असेल तर काय होईल, याचा विचारही नको वाटतो. वजन तुळयांवर आणि भिंतींच्या रेषेत ठेवावं, माती हलकी करावी, आधी इंजिनिअरला विचारावं, हे आपल्या शिक्क्याच्या एका कागदावर छापून आलं तर लोक ऐकतील. आमचं कोण ऐकतो?

माती हलकी करायची म्हणजे कोकोपीट, असं सगळे सांगतात. तो नारळाचा भुसा दक्षिणेतून विटा होऊन येतो. आणि आमच्या लातूरभोवती काय आहे? सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, साखर कारखान्यांचं बगॅस (रस काढलेली चिपाडं) आणि प्रेसमड (रस गाळल्यावर उरलेली मळी). यातलं काय किती कुजवून, किती मातीत मिसळलं तर कुंडी हलकीही होईल आणि ओलही धरेल? मराठवाड्याचं स्वतःचं कुंडीमिश्रण आपण का तयार करू नये? बचत गटांना ते भरून विकता येईल. आज "शुद्ध सेंद्रिय गांडूळ खत" लिहिलेली पिशवी घ्यावी, तर आत चाळलेली माती निघते. मी एका रोपवाटिकेतून आणलेल्या पिशवीत तर वाळूचे खडेसुद्धा होते. अशी पिशवीभर खताची किंवा कुंडीच्या मातीची तपासणी परवडेल अशा दरात कुठे होईल, ते एकदा जाहीर व्हावं.

बियाण्याचा विषय माझ्या आवडीचा आहे. परभणी क्रांती भेंडी आपल्याच विद्यापीठाची. १९८० च्या दशकात, पुसा सावनी या तेव्हाच्या भेंडीच्या वाणाचे प्लॉटच्या प्लॉट हळद्या रोगाने पिवळे पडत होते, तेव्हा रानभेंडीशी संकर करून ती काढली, आणि परभणीचं नाव देशभरातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी गेलं. ती सरळ वाण आहे. एक-दोन फळं झाडावर वाळवून बी धरलं की पुढच्या वर्षीची सोय होते. गच्चीसाठी याहून चांगलं काय? पण आम्हाला ते हवं १० ग्रॅम. तेवढ्यात दीडशेच्या आसपास बिया येतात, म्हणजे चार घरांची भेंडी. बियाण्याच्या दुकानात १० ग्रॅम मागितलं की दुकानदार आधी आपल्या तोंडाकडे बघतो.

ऑनलाईन मिळणाऱ्या किटांत काय असतं? ब्रोकोली, लेट्यूस, चेरी टोमॅटो, बेसिल. हौस म्हणून ठीक. पण उन्हाला दाद न देणारी अंबाडी, तांदुळजा, चुका, गवार, चवळी त्यात कधी दिसत नाही. करडईचं बी टोपलीत दाट टाकलं आणि वीतभर झाल्यावर कोवळी पानं खुडली, की दाण्याचं कूट घालून भाजी होते. घोळ तर कुणी न लावताच कुंडीत उगवते आणि लोक तण म्हणून उपटून टाकतात. अशा आठ-दहा स्थानिक भाज्यांच्या छोट्या पुड्यांचं एक पाकीट काढा, त्यावर आमच्या हवामानाचे महिने छापा. जूनमध्ये भेंडी, गवार, दोडका, कारलं. दसऱ्यानंतर मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, मुळा, गाजर. खरा हंगाम तोच; थंडीत आमच्या गच्च्या पुण्याच्या तोडीस तोड असतात. आणि एप्रिल-मेसाठी सरळ लिहा: विश्रांती. शेतकरी रान नांगरून उन्हात तापू देतो, तसं आम्हीही कुंडीतली माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार-सहा आठवडे तापवू, म्हणजे सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत), बुरशी आणि तणाचं बी कमी होईल. जगवायचा तो कढीपत्ता आणि दोन मिरच्या हिरव्या जाळीखाली जगवू. बाराही महिने हिरवीगार गच्ची दाखवणारे व्हिडिओ पाहून लोक मे महिन्यात पाणी आणि पैसा दोन्ही घालवतात. त्यांना "थांबा" म्हणायला अधिकाराचा आवाज लागतो.

सेंद्रिय निविष्ठांच्या सगळ्या कृती शेतकऱ्यांच्या मापात आहेत, हीही एक अडचण. जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत, म्हटलं की २०० लिटरचा ड्रम, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. तिसऱ्या मजल्यावर २०० लिटर जीवामृत केलं तर वसाहतीची बैठक बोलावली जाईल. तेच २ लिटरला १०० ग्रॅम शेण, १०० मिली गोमूत्र, २०-२० ग्रॅम गूळ आणि बेसन, चिमूटभर बांधावरची माती, असं छापलं तर कुणीही बादलीत करील. निंबोळी अर्काचं तसंच. ५ टक्के म्हणजे किती, हे विचारायला लोक लाजतात. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची, साबणाचं थोडं पाणी घालायचं आणि ऊन कलल्यावर पानाच्या खालच्या बाजूने फवारायचं. पावसाच्या तोंडाला आमच्या रस्त्यांवर निंबोळ्यांचा सडा पडतो आणि पायाखाली चिरडून जातो. मावा आणि पांढरी माशी घरोघरी आहेत, औषध झाडाखाली पडलंय. आपलं बायोमिक्स, म्हणजे उपयोगी बुरशी आणि जिवाणूंचं मिश्रण, हाही मोठा नावाजलेला माल. त्याचं कुंडीचं माप आणि छोटी पुडी काढलीत तर आम्ही ते आनंदाने नेऊ.

आता कुणी म्हणेल, आणि माझ्या वडिलांच्या गावातले लोक तर नक्कीच म्हणतील, "शेतकरी इथे मरणाच्या दारात उभा आहे आणि विद्यापीठाने गच्चीवाल्यांचे लाड करायचे?" हा सवाल मला मान्य आहे. विद्यापीठ आधी शेतकऱ्याचंच. पण दोन गोष्टी ऐकून घ्या.

पहिली, आम्ही शेतकऱ्याच्या पोटावर पाय देत नाही. चार माणसांच्या घराची सगळी भाजी ३० कुंड्यांत होत नाही. होते म्हणणारा काहीतरी विकायला बसलेला असतो. आमच्याकडे होते ती कोथिंबीर, कढीपत्ता, मिरची, पालेभाजी आणि आठवड्यातून एखाद्या वेळेची भेंडी किंवा दोडका. कांदे, बटाटे, टोमॅटो, कोबी आम्ही बाजारातूनच आणणार.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बाजारात आमच्यासारखी गिऱ्हाइकं वांगं चारही बाजूंनी फिरवून बघतात, एक भोक दिसलं की टोपलीत परत टाकतात. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी त्या वांग्यात शिरू नये म्हणून शेतकरी तोडणीच्या आदल्या दिवशीही फवारतो, आणि मग आम्हीच त्या फवारणीच्या नावाने बोटं मोडतो. ज्या बाईने घरी एक वांग्याचं झाड नुसत्या निंबोळी अर्कावर आणि शेंडे खुडून वाचवलंय, ती भोकाचं वांगं परत टाकत नाही. घरी आणून किडका भाग कापते आणि उरलेल्याची भाजी करते. असं गिऱ्हाईक तयार झालं तर सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्या शेतकऱ्याच्या डागाळलेल्या मालाला उठाव येईल. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आम्ही शहरातले लोक कुणाच्या ना कुणाच्या शेतात जाऊन भज्जी आणि आंबील खाऊन येतो. त्या शेतकऱ्याशी वर्षभराचं नातं जुळायचं तर ते ग्राहक म्हणूनच जुळेल.

यासाठी विद्यापीठाला नवा विभाग काढायला नको. आपले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावोगाव जातात. रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात. त्यातले चार-पाच जण लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगरच्या वसाहतींत पाठवा. लातूरला तर आपलं कृषी महाविद्यालयच आहे. त्यांच्याकडून मोठी भाषणं नकोत. एका इमारतीची गच्ची, तिथलं ऊन, तिथलं पाणी आणि तिथला ओला कचरा एवढं एक हंगाम नीट नोंदवलं तरी पुढच्या बॅचला कामाची वही मिळेल. परभणीच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयातल्या मुलींना तर हा विषय जास्तच जवळचा वाटावा.

आणि मेळावे. १८ मे आणि १७ सप्टेंबरच्या शेतकरी मेळाव्यांत बियाण्याच्या खिडकीपुढे केवढी रांग असते, हे मी पाहिलेलं आहे. त्या रांगेत आम्हाला घुसायचं नाही. बाजूला एक टेबल मांडा: छोट्या पुड्या, एक छापील कागद आणि प्रश्नाचं उत्तर देणारा एक माणूस. मेमधला मेळावा भर उन्हाचा आणि पेरणीच्या गडबडीचा. सुरुवात १७ सप्टेंबरला करावी. त्याच्या पुढेच आमचा थंडीचा हंगाम लागतो.

आम्ही त्या दिवशी येणारच आहोत. येताना घरोघरच्या बोअरचं पाणी स्वच्छ बाटल्यांत भरून, प्रत्येकीवर बोअरची खोली आणि तारीख लिहून आणू, आणि पिवळी पडलेली पानंही कागदात दाबून आणू. पाणी तपासणीची फी रोख भरायची की ऑनलाईन, आणि बाटल्या कोणत्या विभागात द्यायच्या, एवढं आधी कळवलंत तर बरं होईल.

आपली,
लातूरची एक गच्चीवाली